पंपाविना फिरणारे पाणी

घाट चढताना कडेला थांबलेला छोटा ट्रक आपण सर्वांनीच पाहिला आहे. बॉनेट उघडलेले, वाफेचा लोट आणि पाण्याचा डबा घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहणारा ड्रायव्हर. ‘गाडी तापली’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. पण या तापण्यालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या ‘उष्णता’ या धड्याशी थेट जोडलेला आहे.

सुरुवातीच्या पेट्रोल इंजिनांत इंधनातील उष्णतेचा पाव हिस्साही कामी येत नसे. उरलेल्यापैकी काही धुराबरोबर बाहेर जाई, काही सिलिंडरच्या भिंतीत शिरे. ती काढून घेतली नाही, तर वंगणाचे तेल जळते, दट्ट्या प्रसरण पावतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

कार्ल बेंझ यांनी आपल्या पहिल्या मोटारीत सोपी युक्ती योजली होती : सिलिंडरभोवतीचे पाणी सरळ उकळू द्यायचे. याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. एक किलो पेट्रोल जळून सुमारे ४४,००० किलोज्यूल उष्णता मिळते. तिचा एक तृतीयांश भाग पाण्याला मिळाला असे धरू. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होण्यास सुमारे २,६०० किलोज्यूल लागतात. म्हणजे किलोभर पेट्रोलमागे पाच लिटरांहून अधिक पाणी! ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला मोटारीने गेल्या, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले, ते यामुळेच.

१८९६ मध्ये डाइमलर यांनी दीड टन माल वाहणारा ट्रक बनवला. इंजिन अवघे ४ अश्वशक्तीचे. पण शक्ती वाढू लागली तसे पाणी उकळून घालवणे परवडेना. तेच पाणी थंड करून पुन्हा वापरणे भाग पडले. १९०० मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी ८,०७० बारीक नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. पाणी थोडे, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड.

आता हे पाणी फिरवायचे कोणी? फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत १९०८ साली पंप होता. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर तो काढून टाकला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये निवून जड होते आणि खाली उतरते. या अभिसरणावरच भिस्त ठेवली. पंप नाही, म्हणजे तो बिघडण्याचा प्रश्न नाही, आणि खर्चही कमी.

१९१७ मध्ये फोर्डने हेच २० अश्वशक्तीचे इंजिन एक टनी ‘मॉडेल टीटी’ ट्रकला बसवले. इथे खरी परीक्षा होती. भरलेला ट्रक चढावर संथ चालतो, म्हणून समोरून वारा कमी. आणि इंजिन मात्र सतत पूर्ण ताकदीने चाललेले. अभिसरणाचे बळ केवढे? एक लिटर पाण्याचे वस्तुमान ६० अंश सेल्सिअसला ९८३ ग्रॅम, तर ९५ अंशांना ९६२ ग्रॅम असते. अवघ्या २१ ग्रॅमच्या फरकावर सारा कारभार! क्षारांचा थर साचून नळ्या अरुंद झाल्या, की हे बळ अपुरे पडे. ठिणगीची वेळ ड्रायव्हर हाताने दांडीने ठरवी; ठिणगी उशिरा पडत राहिली तरी इंजिन तापे.

सर्वांत फसवी गोष्ट पाण्याच्या पातळीची. पाणी रेडिएटरच्या वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले, की फेरा तुटतो. रेडिएटर अर्ध्याहून अधिक भरलेला असला तरी पाणी फिरत नाही, आणि सिलिंडरभोवतीचे तेवढे उकळू लागते. ‘अजून पाणी आहे की’ म्हणणाऱ्याचे इंजिन जाई. मॉडेल टीसाठी इतर उत्पादक वेगळे पंप विकत. अखेर १९२७ च्या शेवटी आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये फोर्डनेही पंप परत आणला.

अभिसरण दाखवण्याची चौकोनी काचनळी बहुतेक प्रयोगशाळांत असते. पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून एका बाजूने उष्णता द्या. रंग फिरताना दिसेल. मग नळी निवू द्या, पाण्याची पातळी वरच्या आडव्या नळीखाली आणा आणि पुन्हा तापवा. फेरा थांबलेला मुलांना स्वतःच दिसेल.

आणि एक सावधगिरी जरूर सांगा. आजच्या रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते १०० अंशांच्या वरही उकळत नाही. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते उसळून अंगावर येते. इंजिन निवेपर्यंत थांबणारा घाटातला तो ड्रायव्हर शहाणाच म्हणायचा.