भोजराजाचे यंत्र आणि भोजपूरचा खडक

धार, देवास आणि राजगड ही नावे आज मध्य प्रदेशात मोडत असली, तरी मराठी माणसास ती परकी नाहीत. धार व देवास येथे अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत पवारांची राज्ये नांदली. येथील राजगड म्हणजे शिवछत्रपतींचा दुर्ग नव्हे. धार जिल्ह्यातील ते एक गाव आहे. याच जिल्ह्यात आता पीथमपूरची औद्योगिक नगरी वसली आहे, आणि १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा आरंभ झाल्यापासून नवउद्योगाची भाषा देशभरच्या तरुणांच्या तोंडी रुळली आहे. या तरुणांपुढे एक प्रश्न नित्य उभा राहतो : हाती आलेली विद्या झाकून ठेवावी की खुली करावी? धारेस हा प्रश्न नवा नाही.

धार ही अकराव्या शतकात परमार भोजराजाची राजधानी होती. त्याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांना वाहिलेला आहे. पाऱ्याच्या शक्तीने उडणारा लाकडी पक्षी, दारावर पहारा करणारे पुतळे, पाण्याची यंत्रे अशी अनेक वर्णने त्यात येतात. ती सारी प्रत्यक्षात उतरली होती, असा आमचा दावा नाही. आमचे लक्ष वेधले ते ग्रंथकाराच्या एका कबुलीने. यंत्रांची जुळणी त्याने मुद्दामच सांगितलेली नाही, आणि याचे कारण अज्ञान नसून गुप्तता आहे, असे तो स्पष्ट करतो. ती कला गुरूपासून शिष्याने घ्यावी, अशी त्याची अपेक्षा. पुढे त. गणपतिशास्त्री यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेतून प्रसिद्ध झाला, तेव्हा पंडितांच्या हाती वर्णने आली. कृती आली नाही. ज्या गुरुमुखावर ग्रंथकार विसंबला होता, ते काळाच्या ओघात कधीच मिटले होते.

याच भोजाचे मानले जाणारे भोपाळजवळील भोजपूरचे शिवालय मात्र वेगळी कथा सांगते. ते अपुरेच राहिले. परंतु स्थपतींनी भोवतालच्या खडकांवर स्तंभांची, कंगोऱ्यांची, शिखराची रेखाचित्रे कोरून ठेवली होती, आणि ती आजही दिसतात. दगड वर चढविण्याचा उतारही देवळामागे टिकून आहे. अपुरे राहिलेले देऊळ आपली विद्या सांगते. सिद्ध म्हणून वर्णिलेले यंत्र मुके आहे.

अलीकडचा दाखला राजगडचाच घ्यावा. जैन आचार्य राजेंद्रसूरी यांनी १९०६ मध्ये तेथे देह ठेवला. हस्तलिखितांत विखुरलेले प्राकृत शब्दधन त्यांनी 'अभिधान राजेंद्र' कोशात वर्षानुवर्षे खपून एकत्र केले. त्यांच्यामागे तो कोश रतलामहून सात खंडांत छापून निघाला, आणि भांडारातील विद्या वाचकाच्या मेजावर आली.

आम्ही व्यवसायाने कायद्याचे. पेटंट म्हणताच लोकांस कुलूप आठवते. वस्तुतः तो एक सौदा आहे. १९७० च्या अधिनियमानुसार संशोधकाने आपली कृती जाणत्यास करून पाहता येईल इतकी स्पष्ट लिहून द्यावयाची, आणि मोबदल्यात त्यास वीस वर्षांचा एकाधिकार मिळावयाचा. मुदत सरली की ती विद्या सर्वांची. संगणकाच्या आज्ञावलीस केवळ आज्ञावली म्हणून आपल्याकडे पेटंट मिळत नाही. तिला लेखनहक्काचे संरक्षण असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये 'जीएनयू' परवान्याद्वारे याच हक्काचा उलटा उपयोग केला. आज्ञावली कोणीही वापरावी, सुधारावी. मात्र सुधारलेली प्रत दुसऱ्यास देताना तिचे मूळ लिखाणही त्याच अटींवर द्यावे.

या वृत्तीतून संगणककारांचे ऑनलाइन मेळे वाढले. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'वर एकाने अडचण मांडावी, दूरदेशीच्या अनोळखी माणसाने ती सोडवावी, आणि ते उत्तर पुढच्या लाखोंस वाचावयास राहावे. तो या युगाचा भोजपूरचा खडकच होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले, आणि तेथे येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने उतरली. प्रश्न आता यंत्रास एकांतात विचारला जातो, आणि उत्तर विचारणाऱ्यापाशीच राहते. ज्या खुल्या लिखाणावर ही यंत्रे शिकली, त्याचाच झरा त्यांच्या सोयीमुळे आटू लागावा, हे विपरीत नव्हे काय?

सर्वच गुपिते वाईट, असे आम्ही म्हणत नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या देवासच्या नोटछपाई कारखान्याने आपल्या शाईची कृती चव्हाट्यावर मांडावी, असे कोण म्हणेल? पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी नवउद्योजकाने मौन पाळावे, हाच आमचा सल्ला राहील. कारण आधी प्रकट झालेल्या कृतीस कायद्याच्या दृष्टीने सहसा नवेपणा उरत नाही. पण अशा मौनास मुदत असते आणि हेतूही असतो. केवळ आळसाने, सवयीने वा एकलकोंडेपणाने झाकली गेलेली विद्या कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

देवळाशी नाते असलेल्या आम्हां लोकांस हे अधिक उमजावे. रथ दुरुस्त करणाऱ्या सुताराची मापे, पालखीची बांधणी, उत्सवाची रीत यांतले आपण किती लिहून ठेवले आहे? आणि आमच्या घरचे तरुण जे संगणकावर घडवीत आहेत, त्याचा माग मागे राहणार काय? त्यांनी यंत्रास अवश्य विचारावे. पण जे उत्तर स्वतः करून पाहिले आणि खरे ठरले, ते आपल्या नावानिशी चारचौघांत लिहून ठेवावे. खडकावर रेघ ओढावयास छिन्नी लागत असे. आज तेवढेही कष्ट नाहीत.