लिव्हर रायफलींचा संग्रह

लिव्हर रायफलींचा संग्रह : चापाभोवतीची कडी खाली-वर करून ज्यांत काडतूस भरले जाते, अशा मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रायफलींचे दुर्मिळ नमुने मिळविणे, ओळखणे व जतन करणे. पुरातन शस्त्रसंग्रहाची ही तुलनेने अलीकडची शाखा होय. तलवारी, कट्यारी, तोड्याच्या व चकमकीच्या बंदुका राजघराण्यांच्या शस्त्रागारांतून पूर्वापार जपल्या गेल्या. परंतु कारखान्यात यंत्रांवर हजारोंनी तयार झालेली बंदूकही संग्राह्य असू शकते, ही दृष्टी विसाव्या शतकातच रुजली.

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला दारू व गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. धातूच्या कवचाचे काडतूस प्रचारात आल्यावर बंदूक मागच्या बाजूने भरणे सुकर झाले आणि पाठोपाठ अनेक काडतुसे आपोआप पुढे सरकविणारी यंत्रणा निर्माण झाली. लिव्हर रायफलीत नळीखाली तिला समांतर अशी दुसरी नळी असते व तीत काडतुसे एकामागे एक ठेवलेली असतात. कडी खाली ओढली की खटका मागे सरून रिकामे कवच बाहेर फेकले जाते व घोडा चढतो. कडी वर घेतली की नवे काडतूस नळीत बसते. खांद्यावरचा दस्ता न हलविता हे सर्व करता येत असल्यामुळे घोडेस्वाराला ही रायफल सोयीची वाटली.

या यंत्रणेचा पहिला यशस्वी नमुना म्हणजे हेन्री रायफल. न्यू हेवन येथील सदऱ्यांचे कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर (१८१०–८०) यांनी ‘व्होल्कॅनिक’ या फसलेल्या बंदुकीचा धंदा ताब्यात घेतला. त्यांच्याकडील कारागीर टायलर हेन्री यांनी तीत सुधारणा करून १८६० मध्ये एकस्व मिळविले. ०·४४ इंच व्यासाची ही रायफल एका भरणीत सोळा बार काढी. मात्र काडतुसांच्या नळीला खालून लांब खाच असल्यामुळे तीत माती शिरे. १८६६ पर्यंत अशा सु. १४,००० रायफली तयार झाल्या. त्यांपैकी ६ क्रमांकाची, सोन्याने मढविलेली रायफल अध्यक्ष लिंकन यांना भेट देण्यात आली होती. ती वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १८६६ च्या नमुन्यात काडतुसे बाजूच्या झडपेतून भरण्याची सोय झाली. त्याची चौकट पिवळ्या मिश्रधातूची असल्याने संग्राहक ती दुरूनही ओळखतात. १८७३ च्या लोखंडी चौकटीच्या नमुन्याला सर्वाधिक कीर्ती लाभली. त्याचे उत्पादन सात लाखांवर गेले. पुढे जॉन ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी आखलेल्या १८८६, १८९२, १८९४ व १८९५ च्या नमुन्यांनी ही यंत्रणा प्रथम अधिक बळकट काडतुसांना व नंतर निर्धूम दारूच्या काडतुसांनाही पेलणारी केली. मार्लिन व सॅव्हेज या कंपन्यांच्या रायफलीही याच परंपरेतील आहेत.

सैन्यांनी ही रायफल क्वचितच मनापासून स्वीकारली. जमिनीवर पालथे पडून नेम धरणाऱ्या शिपायाला खाली येणारी कडी अडचणीची होई. तरीही १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्की सैनिकांनी जवळ आलेल्या रशियन रांगांवर विंचेस्टर रायफलींचा भडिमार केला आणि यूरोपीय सेनानींना शीघ्र गोळीबाराचा अर्थ कळला. त्याच रशियाने पहिल्या महायुद्धात १८९५ च्या नमुन्याच्या सु. २·९ लाख रायफली विकत घेतल्या. त्यांतील फार थोड्या सुस्थितीत उरल्या आहेत.

दुर्मिळता केवळ उत्पादनाच्या आकड्यावर ठरत नाही. १८९४ च्या नमुन्याच्या लक्षावधी रायफली निघाल्या. तथापि मूळ निळी झाक, मूळ दस्ता व न झिजलेले शिक्के असलेला आरंभीचा नमुना सहज मिळत नाही. उलट अगदी थोड्या संख्येने निघालेली, पण नंतर घासून चकचकीत केलेली रायफल जाणकाराच्या लेखी निम्मी गेलेली असते. १८७५ पासून विंचेस्टर कंपनी चाचणीत उत्तम ठरलेल्या नळ्यांच्या रायफली ‘हजारांत एक’ या नावाने जादा किमतीला विके. १८७३ च्या नमुन्यात अशा जेमतेम १३० च्या आसपास झाल्या. १९५० मध्ये याच रायफलीभोवती गुंफलेला एक चित्रपट निघाला, तेव्हा निर्मात्यांनी जाहिराती देऊन उरलेल्या रायफलींचा शोध घेतला. लिव्हर रायफलींच्या संग्रहाला सार्वत्रिक लोकप्रियता लाभली ती त्या सुमारास, आणि बनावट नमुन्यांचा सुळसुळाटही तेव्हापासूनचाच. सामान्य रायफलीवर नक्षी कोरणे, क्रमांक बदलणे, दोन मोडक्यांची एक करणे हे नेहमीचे प्रकार. त्यांवरील खात्रीचा उपाय म्हणजे कारखान्याच्या नोंदवह्या. विंचेस्टरच्या उपलब्ध वह्या वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात असून क्रमांक कळविल्यास रायफल कोणत्या स्वरूपात व केव्हा बाहेर पडली, याचा दाखला मिळतो.

मूळ अवस्थेला एवढे महत्त्व का, याचे उत्तर लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर मिळते. १८७६ मध्ये तेथे लकोटा व शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा नाश केला. १९८३ मध्ये वणव्याने तेथील गवत जळाल्यावर पुढील वर्षी उत्खनन झाले. सापडलेल्या कवचांवरील खिळीचे ठसे तपासून कोणती बंदूक रणांगणात कोठून कोठे सरकली, हे पुरातत्त्वज्ञांनी दाखविले. योद्ध्यांकडे हेन्री व विंचेस्टर रायफली मोठ्या संख्येने होत्या, हेही त्यावरून सिद्ध झाले. रायफलीची खिळी बदललेली असती, तर हा पुरावा तिच्यापुरता कायमचा बुजला असता.

महाराष्ट्रात लिव्हर रायफली थोड्याच आढळतात. येथील शिकारी प्रायः इंग्लंडच्या दुनळी व बोल्टच्या रायफली पसंत करीत. शिवाय लष्करी व्यासाची शस्त्रे खाजगी व्यक्तीस वर्ज्य असल्याने ०·३०३ इंच व्यासाची विंचेस्टर ठेवण्याची सोय नव्हती. परंतु खरे कारण शस्त्रविषयक कायद्यांच्या इतिहासात आहे, आणि तो सोलापूर जिल्ह्यात चांगला पाहावयास मिळतो. माढा तालुक्यातील टेंभुर्णी हे दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी सदाशिव माणकेश्वर यांच्याशी निगडित गाव; तेथील गढी त्यांचीच. तेथून फार दूर नसलेल्या आष्टी येथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले व पेशवाईचा शेवट दृष्टिपथात आला. हा मुलूख ब्रिटिश अमलाखाली गेल्यामुळे १८७८ च्या शस्त्र अधिनियमानंतर येथील रहिवाशाला बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक झाला. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अक्कलकोट मात्र १९४८ पर्यंत भोसल्यांचे संस्थान होते. संस्थानिकांना त्या अधिनियमातून सूट असल्याने राजवाड्यातील शस्त्रागार अभंग राहिले व आज ते अक्कलकोटचे एक आकर्षण आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालयाचीही गोष्ट तीच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखा एका व्यक्तीच्या परिश्रमातून उभा राहिलेला, शस्त्रांचाही अंतर्भाव असलेला संग्रह हा अपवादच म्हणावा लागेल.

स्वतंत्र भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ मध्ये अंमलात आला. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने १८९८ अखेरपर्यंत बनलेली बंदूक सर्वसाधारणपणे पुरातन मानली जाते व केंद्रीय निर्बंधांतून सुटते. तेथे वय पुरेसे असते. भारतीय अधिनियमाच्या ४५ व्या कलमात कालबाह्य वा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट आहे, परंतु ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, अशी अट आहे. त्यामुळे चालू स्थितीतील १८७३ ची विंचेस्टर कायद्याच्या दृष्टीने आधुनिक बंदुकीसारखीच ठरते. तिला सूट मिळवावयाची तर नळी भेदून वा सांधे डाखून ती निकामी करावी लागते, म्हणजे ज्या मूळ अवस्थेसाठी ती जपायची तीच नष्ट करावी लागते. सार्वजनिक सुरक्षिततेचा विचार करता ही अट निराधार नाही. पण एकोणिसाव्या शतकातील यंत्रकौशल्याच्या दृष्टीने तिची किंमत मोठी आहे. १९८३ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीन ठरली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली व वारशाने आलेल्या बंदुकाही तीतच धरण्यात आल्या. आजोबांच्या तीन बंदुका असलेल्या घराला त्यांतील एक पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे भाग पडले. जमा केलेले शस्त्र विहित मुदतीत सोडविले वा विकले नाही, तर ते शासनजमा होते. अशा शस्त्रांपैकी ऐतिहासिक मोलाची कोणती, हे संग्रहालयाच्या जाणकाराकडून आधी पाहून घेण्याची पद्धत रूढ होणे इष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक वस्तूंची खाजगी निर्यात १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाने निषिद्ध असल्याने परदेशी संग्राहकाला विकण्याचा मार्गही मोकळा नाही.

जतनाच्या बाबतीत महाराष्ट्राचा पावसाळा हा मोठा शत्रू. रायफल चामड्याच्या म्यानात वा लोकरी कापडात गुंडाळून ठेवण्याची जुनी सवय घातक आहे. ही द्रव्ये ओल धरतात व धातूला खड्डे पडतात. हाताच्या घामानेही गंज चढत असल्याने सुती हातमोजे वापरावेत, धातूवर पातळ खनिज तेलाचा हात फिरवावा, दस्त्यात मात्र तेल मुरू देऊ नये. काचकागद सर्वस्वी वर्ज्य. नळी रिकामी असल्याची खात्री दर वेळी करावी. नळीखालच्या दुसऱ्या नळीत विसरलेले काडतूस वर्षानुवर्षे राहू शकते. रायफलीबरोबर जुना परवाना, खरेदीची पावती, शिकारीचे छायाचित्र असे काही कागद असल्यास ते वेगळे करू नयेत. कारखान्याच्या वहीतील नोंद रायफल न्यू हेवनहून निघाल्यापर्यंतच सांगते, पुढचा प्रवास या कागदांतूनच कळतो.