कण्हेर पतंग

खवलेपंखी गणाच्या स्फिंजिडी कुलातील या पतंगाचे शास्त्रीय नाव डॅफनिस नेरी असून १७५८ मध्ये लिनीअस यांनी त्याचे वर्णन केले. आफ्रिका आणि दक्षिण आशिया हे त्याचे मुख्य वसतिस्थान असले, तरी उन्हाळ्यात स्थलांतर करीत तो यूरोपातही पोहोचतो. महाराष्ट्रात अंगणातल्या कण्हेरीवर वा तगरीवर त्याच्या अळ्या आढळतात. पंखविस्तार सु. ८–११ सेंमी. भरतो. पुढच्या पंखांवरील हिरव्या, पांढुरक्या व गुलाबी छटांची नक्षी अशी बेमालूम असते की, पानांत बसलेला पतंग सहसा नजरेस पडत नाही. सायंकाळी तो फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने मकरंद शोषतो.

मादी कोवळ्या पानांवर फिकट हिरवी अंडी एकेक करून घालते. अळीच्या मागील टोकाशी शिंगासारखा काटा असतो. मोठी झालेली हिरवी अळी डिवचली असता डोके आत ओढून घेते आणि मग तिच्या वक्षावरील पांढऱ्या मध्याचे दोन निळे ठिपके वटारलेल्या डोळ्यांसारखे दिसू लागतात. गुरांना घातक ठरणारी कण्हेर ही अळी निर्धास्त खाते, हे विशेषच. वाढ पूर्ण झाल्यावर ती तपकिरी पडते, जमिनीवर उतरते आणि पालापाचोळा रेशमी धाग्यांनी सैलसर जोडून त्यात कोशावस्थेत जाते.