सुकेळी, पेव आणि साठवणीतील हवा : वसईच्या फळव्यवहाराच्या संदर्भात कीडनियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

काढणीनंतर फळांना लागणारी कीड रोखण्यासाठी साठवणीच्या हवेतील ऑक्सिजन घटविणे व कार्बन डायऑक्साइड वाढविणे, ही पद्धत आधुनिक शास्त्राची देणगी मानली जाते. तथापि तिच्यामागील तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. हे तत्त्व कोठे फलदायी ठरले, कोठे अपुरे पडले आणि वसईच्या फळव्यवहारात त्याचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पेवाची परंपरा

देशावर धान्य पेवात साठविले जाई. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे तर सर्वदूर प्रसिद्ध होती. पेवाचे तोंड लिंपून बंद केले की आतील माल व कीटक यांच्या श्वसनाने ऑक्सिजन संपत जाई, कार्बन डायऑक्साइड साचे आणि कीटक गुदमरून मरत. पेव उघडल्यावर काही काळ थांबूनच माणसे आत उतरत. आतील हवा प्राणघातक असते, हे अनुभवाने ठाऊक झाले होते.

वसईची सुकेळी

किनारपट्टीच्या ओलसर जमिनीत पेव टिकणे कठीण. वसई व आगाशीच्या बागायतदारांनी नाशवंत केळे राखण्यासाठी उन्हाचा आधार घेतला. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून, वाळवून सुकेळी केली जात. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरनेही आगाशीच्या सुकेळ्यांची नोंद घेतली आहे. वाळवल्याने फळ कुजत नाही; परंतु सुक्या फळांना लागणाऱ्या पतंगांच्या अळ्या व भुंगेरे यांचे भय त्यामुळे टळत नाही.

शास्त्रीय पाया

फळ पिकण्यास ऑक्सिजन लागतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेरार यांनी १८२१ मध्ये दाखविले. पुढे १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये किड व वेस्ट यांनी नियंत्रित हवेत सफरचंदे टिकविण्याचे प्रयोग केले. त्यांचा हेतू फळ उशिरा पिकविणे हा होता. कीडनाशासाठी या ज्ञानाचा उपयोग नंतर झाला. ऑक्सिजन सुमारे १ टक्क्याखाली आणल्यास, किंवा कार्बन डायऑक्साइड ६० टक्क्यांच्या आसपास ठेवल्यास, तापमानानुसार काही दिवसांत वा आठवड्यांत साठवणीतील कीटक मरतात. कार्बन डायऑक्साइडमुळे कीटकांची श्वासरंध्रे उघडी राहतात व शरीरातील पाणी वेगाने घटते.

ताज्या फळाची मर्यादा

ताजे फळ मात्र स्वतःही श्वसन करते. गरातील अळी मरेपर्यंत त्याला ऑक्सिजनविना ठेवले, तर ते आतून आंबते व त्याची चव बिघडते. म्हणूनच कोकणच्या आंब्याला अन्य मार्ग शोधावे लागले. इथिलीन डायब्रोमाइडची धुरी अमेरिकेत १९८० च्या दशकात बंद झाली. मिथिल ब्रोमाइडचा समावेश १९९२ मध्ये ओझोननाशक द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाला. लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' प्रकल्पात किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेस गेला. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती २०१५ मध्ये उठली. त्यानंतर युरोपसाठी उष्णजल प्रक्रिया रूढ झाली.

निष्कर्ष

हवाबदलाचे तत्त्व प्रत्येक फळास सारखेच लागू पडत नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते. ताज्या फळाचे श्वसन थांबत नाही आणि त्याच्यापाशी वेळही अल्प असतो. सुकेळ्याचे श्वसन थांबलेले असते व ते आठवडेच्या आठवडे बंद राहू शकते. या दृष्टीने ते धान्याच्या अधिक जवळचे आहे. किरणोत्सर्गाचे केंद्र उभारणे लहान उत्पादकाच्या आवाक्याबाहेरचे असते. हवाबंद पिशवी तशी नसते. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये अस्तित्वात आली. वाढत्या नागरीकरणाने केळीच्या बागांची जागा व्यापली जात असताना, जो माल हाती येतो तो किडीने वाया जाऊ न देणे हाच हा जुना व्यवसाय टिकविण्याचा एक मार्ग होय. त्यासाठी लागणारे ज्ञान पेवाच्या रूपाने मराठी मुलखात पूर्वापार होतेच. गरज आहे ती ते सुकेळ्यापर्यंत पोहोचविण्याची.