ट्रामच्या रस्त्यावरून चर्चच्या अंगणात

चर्चच्या अंगणात मुलांनी चेंडू खेळावा की नाही, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांच्या बैठकींतून अधूनमधून निघतोच. खिडकीची काच फुटते, नोव्हेनाच्या वेळी गलका होतो, फुलझाडे तुडवली जातात. तक्रारी खोट्या नसतात. परंतु असा विषय निघाला की आम्हांस अर्जेंटिना देशातील एका अंगणाची कथा आठवते. ती येथे सांगावीशी वाटते.

1908 साल. बुएनोस आयरेस शहराचा आल्माग्रो हा श्रमिकांचा भाग. तेथील पोरांना मैदान नव्हते, म्हणून ती रस्त्यावरच फुटबॉल खेळत. त्याच रस्त्याने ट्राम धावे. एके दिवशी चेंडूमागे धावणारा एक मुलगा ट्रामखाली सापडता सापडता वाचला. हा प्रसंग सलेशियन संस्थेचे तरुण धर्मगुरू फादर लोरेन्झो मास्सा यांनी पाहिला. मुलांना दटावून घरी पाठविणे सोपे होते. फादरांनी त्यांना आपल्या सान आंतोनियो ओरेटरीचे अंगण खेळायला देऊ केले. अट एकच घातली, की मुलांनी रविवारच्या मिस्साबलिदानास यावे. मुलांनी ती मान्य केली.

फादर मास्सांना ही बुद्धी झाली ती त्यांच्या संस्थेच्या परंपरेतून. डॉन बॉस्को यांनी 1841 साली इटलीतील तुरीन शहरात गरीब, पोरक्या मुलांना रविवारी एकत्र आणून प्रार्थना, शिकवण आणि खेळ यांचा मेळ घातला. शेजाऱ्यांना गोंगाट सोसेना, म्हणून मुलांच्या त्या घोळक्याला एका जागेवरून दुसरीकडे हलावे लागले. अखेर 1846 साली वाल्दोक्को येथे त्यांना स्थिर आसरा मिळाला. शिक्षकाने मैदानाच्या कडेला छडी घेऊन उभे न राहता मुलांत मिसळून खेळावे, हा डॉन बॉस्को यांच्या पद्धतीचा गाभा होता. त्यांनी पाठविलेले पहिले मिशनरी 1875 साली अर्जेंटिनात पोहोचले, आणि अंगणाची ही रीत त्यांच्याबरोबर समुद्रापार गेली.

1 एप्रिल 1908 रोजी मुलांचा संघ रीतसर स्थापन झाला. संघाला फादरांचेच नाव द्यावे, असा मुलांचा आग्रह होता. फादरांनी तो मानला नाही. शेवटी ‘सान लोरेन्झो’ हे नाव ठरले, ते संत लॉरेन्स यांच्या आणि 1813 साली अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धात सान लोरेन्झो येथे झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ. मुलांनी त्याला आपल्या वस्तीचे ‘आल्माग्रो’ हे नाव जोडले. निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांचे पहिले सदरे फादरांनीच मिळवून दिले. संत लॉरेन्स हे रोमचे डीकन, इ. स. 258 मधील हुतात्मे. ख्रिस्तसभेची संपत्ती हजर करा, असे फर्मान निघाले तेव्हा त्यांनी गोरगरिबांना पुढे उभे केले, अशी परंपरा आहे. रस्त्यावरच्या पोरांच्या संघाला याहून साजेसे नाव कोणते असणार? खिलाडूवृत्ती आपण खेळाडूंत शोधतो. जो राबतो, देतो आणि श्रेयाच्या वेळी बाजूला होतो, त्याच्यातही ती असतेच.

संघ वाढला. 1916 साली आव्हेनिदा ला प्लाता या रस्त्यावर त्याचे स्वतःचे मैदान उघडले. 1931 साली त्या देशात व्यावसायिक फुटबॉल सुरू झाले आणि पैसाही आला. या संघाच्या चाहत्यांत होर्हे बेर्गोलियो नावाचा एक मुलगा होता. 1936 च्या नाताळात आल्माग्रोमधील सलेशियन चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता. 1946 साली संघाने विजेतेपद मिळविले, त्या वेळचे खेळाडू त्याला म्हातारपणीही आठवत. तोच पुढे पोप फ्रान्सिस झाला. 2014 साली संघाने दक्षिण अमेरिकेचा मानाचा चषक जिंकला, तेव्हा तो घेऊन खेळाडू व्हॅटिकनला त्यांच्या भेटीस गेले. 2025 साली पोप निवर्तले, ते संघाचे सभासद म्हणूनच.

परंतु या कथेत एक दुःखाचे पानही आहे. लष्करी राजवटीच्या काळात संघाला आपले मैदान गमवावे लागले. 2 डिसेंबर 1979 रोजी तेथे शेवटचा सामना झाला, आणि पुढे त्या जागेवर मोठे दुकान उभे राहिले. 1981 साली संघ खालच्या श्रेणीत घसरला. तरीही लोकांनी त्याला सोडले नाही. 2012 साली हजारो चाहते जागा परत मिळावी म्हणून रस्त्यावर उतरले, त्याच वर्षी शहराच्या विधिमंडळाने तसा कायदा केला, आणि सामान्य सभासदांनी एकेका चौरस मीटरसाठी वर्गणी भरली. 2019 साली जागेचा ताबा संघाकडे परत आला. एकदा गेलेले मैदान परत मिळविण्यास चाळीस वर्षे लागली.

फुटबॉल आणि धर्मगुरू यांचे नाते आपल्याकडेही जुने आहे. 1883 साली प्रकृती सुधारण्यासाठी गोव्यात शिवोली येथे आलेल्या फादर विल्यम लायन्स यांनी तेथे हा खेळ आणला, असे सांगितले जाते. डॉन बॉस्को यांचे सलेशियन 1906 साली तंजावर येथे उतरले, ते खेळाचे अंगण बरोबर घेऊनच. आज आपल्या गावांतही चुन्याच्या रेषा आखणारे, भर उन्हात शिट्टी वाजविणारे, हरलेल्या पोरांच्या पाठीवर हात ठेवणारे तरुण आहेत. त्यांना मानधन नाही आणि अहवालात त्यांचे नावही येत नाही.

जमिनीचे भाव चढत आहेत आणि मोकळी जागा दर वर्षी आक्रसत आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत काच फुटल्याची तक्रार आली, तर काच नवी बसवावी, खेळाच्या वेळा ठरवून द्याव्यात आणि आपल्यापैकी एकदोघांनी संध्याकाळी मुलांबरोबर मैदानात उभे राहावे, असे आम्हांस वाटते. अंगणाचे फाटक मात्र उघडेच असू द्यावे.