कापसाचा आकडा, बिग फनची पानं आणि मोबाईलमधलं कार्ड

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

मागच्या आठवड्यात मुकुटबनच्या बस स्टँडजवळ चहा पीत होतो. गावातलाच एक पोट्टा येऊन बसला. ठेकेदाराकडे कामाला जातो, घरी कापूस आहे. त्याने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर एका भारतीय गोलंदाजाचं चकचकीत कार्ड गोल फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, ५०० पैकी २१२ वं.

"काका, हे घेऊन ठेवलं तं पुढं भाव वाढते म्हणतात. तसंही मी मॅच पाहूनच राहिलो. थोडे पैसे बी येतीन. सुरुवात कशी करावं?"

चहा संपेपर्यंत मी त्याला अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं इथे लिहितो, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही. आणि या धंद्याची सुरुवात कुठून झाली ते माहीत असल्याशिवाय आपण सुरुवात कशी करावी हे कळत नाही, असं माझं मत.

हे कार्ड म्हणजे काय, ते आधी बघू. याला एनएफटी म्हणतात. एक वही असते, अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली, तिला ब्लॉकचेन म्हणतात. त्या वहीत नोंद होते की अमुक नंबरचं कार्ड अमुक खात्याच्या मालकीचं. आपल्या सातबाऱ्यासारखं समजा. पण सातबाऱ्यामागे वावर असतं, त्यात तुम्ही कापूस पेरू शकता. इथे नोंद तुमची, पण फोटोचा, व्हिडिओचा, खेळाडूच्या नावाचा हक्क तुमचा नाही. तो खेळाडूचा, बोर्डाचा किंवा कंपनीचा. आणि बहुतेक वेळा हे कार्ड जिथे घेतलं त्याच कंपनीच्या दुकानात विकावं लागतं.

आता मागे जाऊ.

खेळाडूंची कार्डं सुरू झाली एकोणिसाव्या शतकात, सिगारेटच्या पाकिटात. पाकीट मऊ असायचं, सिगारेटी मोडायच्या, म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. कोरा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक तीच सिगारेट पुन्हा घेईल, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. अमेरिकेत बेसबॉलवाले छापले, इंग्लंडात क्रिकेटवाले. पुढे सिगारेटची जागा बबलगमने घेतली. पण विकायचा माल वेगळाच होता, कार्ड त्याच्यासोबत फुकट यायचं.

आपल्याकडे १९८० च्या दशकात जे शाळेत होते त्यांना बिग फन सांगायला नको. बबलगमच्या आत क्रिकेटपटूचं छोटं पान, त्यावर रन किंवा विकेट लिहिलेल्या. ठरलेले रन जमले की कंपनीकडून पुस्तक मिळायचं. त्याची पानं भराभर उलटली की फलंदाज शॉट मारताना दिसायचा. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत जो बाजार भरायचा तो कुठल्याही ॲपपेक्षा कमी नव्हता. कपिल देव हवा तर समोरच्याला तीन-चार पानं द्यावी लागत. एखादा खेळाडू कोणालाच सापडत नसे आणि तो सापडावा म्हणून आम्ही दात दुखेपर्यंत गम चघळायचो. तो कमी का छापला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. १९९९ च्या वर्ल्ड कपला ब्रिटानियाने तेच केलं, 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ'. बिस्किटाच्या रॅपरवरचे रन जमवायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरचे रॅपर मागून आणणारी पोरं मी पाहिली आहेत. एकही लंडनला गेला नाही, पण बिस्किटं पोटात गेली होती. संदीप पाटील संपादक असलेल्या 'एकच षटकार'मधले फोटो कापून वहीत चिकटवणारे तर घरोघरी होते. त्या वहीची किंमत कोणी काढली नाही.

खेळाडूच्या तोंडाला किंमत असते हे मात्र जाणत्यांना फार आधीपासून ठाऊक होतं, आणि त्यात आपला विदर्भ पहिला आहे. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू, १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान. १९४१ मध्ये त्यांनी बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकची जाहिरात केली. एखाद्या वस्तूची जाहिरात करणारा पहिला भारतीय क्रिकेटपटू म्हणून त्यांचंच नाव घेतात. १९८५ मध्ये गावसकरांनी खेळाडूंचे असे व्यवहार बघायला स्वतःची कंपनी काढली, पीएमजी. १९९५ मध्ये सचिनने वर्ल्डटेलशी पाच वर्षांचा कोट्यवधींचा करार केला. नायडूंच्या बाटलीपासून सचिनच्या करारापर्यंत चेहरा विकला जात होता, पण चेहऱ्याच्या मागे काहीतरी माल होता.

परदेशात जुन्या कार्डांचा वेगळा बाजार उभा राहिला. त्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. टॉप्स नावाच्या बबलगम कंपनीने १९५२ मध्ये बेसबॉलची कार्डं काढली. बरीच खपली नाहीत. गोदामात जागा खात होती, म्हणून १९६० मध्ये कंपनीच्याच माणसाने ती पेट्यांच्या पेट्या बोटीत भरून समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतलं मिकी मँटल या खेळाडूचं एक उत्तम अवस्थेतलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. म्हणजे तेव्हाचे साधारण १०० कोटी रुपये. बाकीची समुद्रात गेली, आयांनी रद्दीत दिली, पोरांनी सायकलच्या चाकात अडकवून फाडली, म्हणून जी उरली ती महाग झाली. सत्तर वर्षं लागली, आणि हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. आपल्याकडे अशा जुन्या वस्तूंचा शौक बघायचा तर पुण्याला सहकारनगरात 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय आहे, २०१२ मध्ये सचिनच्या हस्ते उघडलेलं. तिथली बॅट बॅटच आहे, कोणाच्या तरी घामाने मळलेली.

मोबाईलमधल्या कार्डात ही कमतरता कंपनी स्वतः लिहिते. ५०० पैकी २१२ वं. उद्या त्याच गोलंदाजाचा दुसरा चेंडू, दुसरी किनार, पुन्हा ५००.

हा खेळ जगभर पेटला तो करोनात. कॅनडातल्या डॅपर लॅब्स कंपनीने २०२० मध्ये बास्केटबॉलच्या छोट्या व्हिडिओंचं दुकान काढलं, एनबीए टॉप शॉट. फेब्रुवारी २०२१ मध्ये लेब्रॉन जेम्सच्या एका डंकचा व्हिडिओ २ लाख ८ हजार डॉलरला विकला गेला, दीड कोट रुपयांच्या वर. तो व्हिडिओ यूट्यूबवर कोणीही फुकट पाहू शकत होता. लगेच आपल्याकडे वारं आलं. फॅनक्रेझने आयसीसीशी करार केला आणि मार्च २०२२ मध्ये १० कोटी डॉलर उभे केले. पुढच्याच महिन्यात रारियोने १२ कोटी डॉलर उभे केले. त्यात पुढाकार होता मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सच्या गुंतवणूक शाखेचा, म्हणजे ड्रीम इलेव्हनवाल्यांचा. रारियोची कार्डं ज्या वहीत नोंदली जात ती पॉलिगॉन, तीही २०१७ मध्ये मुंबईतच मॅटिक नावाने सुरू झालेली. म्हणजे दोन बोर्डांतला, दोन देशांतला हा मामला नाही. आपल्या राज्याच्या राजधानीत शिजलेला आहे.

आता कापसावर येतो, कारण मला ते कार्ड पाहून पहिल्यांदा कापूसच आठवला.

आपल्या भागात सट्टापट्टी काय असते हे कोणाला शिकवायला नको. पण ती आली कुठून? न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधून कापसाचा उघडता आणि बंद भाव मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला तारेने यायचा. व्यापाऱ्यांना तो धंद्यासाठी लागत होता. बाहेर उभ्या लोकांनी त्या भावाच्या आकड्यावर पैज लावायला सुरुवात केली. त्यातल्या कोणाला कापूस घ्यायचा नव्हता की विकायचा नव्हता. १९६१ मध्ये तो भाव येणं थांबलं. खरं तर तेव्हा खेळ संपायला हवा होता. संपला नाही. आकडा आता मडक्यातून चिठ्ठी काढून काढू लागले, म्हणून मटका. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने कल्याण मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने न्यू वरळी. कापूस पिकवणाऱ्या आपल्या गावांत तो आकडा परत आला तेव्हा त्यात कापसाचा एक धागाही उरला नव्हता. त्यात कोणाकोणाचं वावर गेलं, ते प्रत्येक गावाला पाठ आहे.

कार्ड म्हणजे मटका, असं मी म्हणत नाही. कार्ड विकत घेणं गुन्हा नाही आणि शौक म्हणून घेणाऱ्याला हसायचं कारण नाही. माझं म्हणणं एवढंच की माल आणि आकडा एकमेकांपासून कधी सुटले, हे बघत राहावं लागतं. कारण या कार्डांचंही तसंच झालं. नुसतं चित्र किती दिवस बघणार? मग कंपन्यांनी कार्डं फँटसीच्या स्पर्धेत लावायची सोय केली. तुमच्याकडे त्या खेळाडूचं कार्ड, त्याने मॅचमध्ये रन केले, तुम्हाला बक्षीस. कार्डाची मागणी त्या स्पर्धेवर टेकली.

पुढचा इतिहास भराभर घडला. १ फेब्रुवारी २०२२ च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. १ एप्रिलपासून लागू, एनएफटी त्यात धरून. १ जुलैपासून ठरावीक मर्यादेच्या वर विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस. पोट्ट्याला मी हिशेब करून दाखवला: एका कार्डात ५,००० कमावले, दुसऱ्यात ५,००० गमावले. हातात शून्य. पण तोटा नफ्यातून वजा होत नाही, कर ५,००० वर, म्हणजे १,५०० आणि वर सेस. तो म्हणे, "हे तं उलटंच झालं."

मग कोर्ट. रारियोची कंपनी आणि सोबत मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंगसारखे खेळाडू दिल्ली हायकोर्टात गेले. तक्रार अशी की एमपीएलच्या गटातलं 'स्ट्रायकर' हे ॲप परवानगीशिवाय खेळाडूंची नावं आणि हाताने काढलेली चित्रं लावून कार्डं विकतं. २६ एप्रिल २०२३ ला न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूचं नाव आणि त्याची आकडेवारी सगळ्यांना उपलब्ध माहिती आहे, ती वापरता येते, असा त्या निकालाचा रोख. खेळाडूंना काय मिळावं हा वेगळा वाद. पण 'अधिकृत' आणि 'एकमेव' म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकासाठी हा निकाल महत्त्वाचा होता, आणि आपल्याकडे त्यावर कोणी बोललं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कोर्टाने टॉप शॉटच्या खटल्यात म्हटलं होतं की डॅपर कंपनी बुडाली आणि तिची वही बंद पडली तर त्या व्हिडिओंची किंमत शून्य होईल. ३० जुलै २०२४ ला ड्राफ्टकिंग्ज या मोठ्या अमेरिकन कंपनीने आपलं एनएफटीचं दुकान एका दिवसात बंद केलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ड्रीम इलेव्हन, एमपीएल यांनी पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. ज्या कार्डांना अशाच स्पर्धेमुळे गिऱ्हाईक होतं, त्यांच्याकडे आता चित्र उरलं.

तर सुरुवात कशी करावी? मी त्याला सांगितलं, आधी विकून बघ. म्हणजे घेण्याआधी त्या ॲपवर 'मागितलेली किंमत' बघू नको, गेल्या महिन्यात खरोखर किती विकली गेली आणि कितीला, ते शोध. जिनिंगवर पाटीवरचा भाव आणि हातात पडलेला भाव यातला फरक तुला मी काय सांगणार. कार्ड त्यांच्या दुकानाबाहेर, स्वतःच्या वॉलेटमध्ये नेता येतं का बघ. पैसे बँकेत परत यायला काय लागतं, किती कापतात, ते अटींमध्ये वाच. सगळे व्यवहार लिहून ठेव, रिटर्नमध्ये वेगळ्या रकान्यात दाखवावे लागतात. वॉलेटचे गुप्त शब्द कोणालाही, अगदी 'कंपनीतून बोलतो' म्हणणाऱ्यालाही द्यायचे नाहीत. टेलिग्रामवर कोणी दुप्पट करून देतो म्हणाला तर सरळ ब्लॉक. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन. आणि कापसाच्या चुकाऱ्यातला एक रुपया यात नको. महिन्याच्या मोबाईल रिचार्जएवढे पैसे घाल, ते बबलगमसारखे चघळून संपले असं धर.

त्याने तिथेच बसून विकलेल्या कार्डांची यादी उघडली. खाली खाली सरकवत गेला. त्या गोलंदाजाचं शेवटचं कार्ड विकलं गेल्याला चार महिने झाले होते. "मंग हे ५०० लोक काय करून राहिले?" त्याने विचारलं आणि मोबाईल खिशात ठेवला. घेणार की नाही ते बोलला नाही, मीही विचारलं नाही.

जाता जाता मात्र म्हणाला, काका, ते बिग फनचं पान दाखवा ना एखादं. माझ्याकडे एकही नाही. झरी, वणी, पांढरकवड्याकडे कोणाच्या जुन्या पेटीत ती पानं किंवा षटकारचे अंक असतील तर सांगा. विकत मागत नाही, त्याला घेऊन बघायला येईन.