रविवार, पासबुक आणि रियासत

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : 'एकदा निवृत्त झालो, की मग पाहू.' गावच्या घराची डागडुजी, अर्धवट राहिलेले संस्कृतचे अध्ययन, पत्नीला कबूल केलेली यात्रा, सारे त्या 'मग'च्या खाती जमा होत असते. केंद्र सरकारच्या एका कचेरीत टिपणे लिहून दिवस काढणारे आम्हीही यास अपवाद नाही. परंतु काम, फुरसत आणि शिल्लक या तिहींचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा या वाक्याविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न झाली. तिचाच हा ऊहापोह.

रविवारी कचेरी बंद, ही गोष्ट आपण सूर्योदयासारखी गृहीत धरतो. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीकामगारास असा सुटीचा वार नव्हता. सूर्य उगवला की गिरणीत शिरावे आणि मावळला की बाहेर पडावे, हा त्याचा दिनक्रम. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांपुरती काही सवलत दिली. प्रौढ कामगारांस त्याने स्पर्शही केला नाही. त्यांचा प्रश्न हाती घेतला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे चालक. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून राबलेले. १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार झाला.

त्या अर्जातील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांतील शहाणपणाचे नवल वाटते. रविवारी पूर्ण सुटी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे, ही वेळेची मागणी झाली. तिच्याच शेजारी दुसरी मागणी आहे : महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपूर्वी हाती पडावा. आणि तिसरी, काम करताना दुखापत झाली तर बरे होईपर्यंत वेतन चालू राहावे, कायमचे अपंगत्व आल्यास चरितार्थाची तजवीज व्हावी. म्हणजे फुरसत, वेळेवर पैसा आणि अडचणीच्या दिवसांची तरतूद, या तिन्ही गोष्टी त्या कामगारांनी एकाच कागदावर मागितल्या. ज्याचा पगार वेळेवर होत नाही तो उधारीवर जगतो. जो उधारीवर जगतो त्याला सुटी मिळाली तरी ती सावकाराची धास्ती घेऊन येते. एकीवाचून दुसरी टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

पुढे सहा वर्षे हा लढा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि खंडोबाचा वार गिरणगावाला विसाव्याचाही वार झाला. १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीस सरकारी आधार दिला. त्यानंतर कामाचे तास हळूहळू उतरत गेले : १९२२ साली आठवड्याचे ६०, १९३४ साली ५४, आणि डॉ. आंबेडकर मजूर खात्याची धुरा वाहत असताना मांडल्या गेलेल्या विधेयकामुळे १९४६ साली ४८. आपल्या केंद्रीय कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा आला तो १९८५ साली. लोखंडे मात्र १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असता त्याच रोगाने निवर्तले. आपला शनिवार-रविवार ही अशी वडिलार्जित मिळकत आहे. फक्त तिच्या दस्तऐवजावर आपल्या वडिलांचे नाव नाही, एवढेच.

शिल्लकेचा इतिहासही याच काळातला. पूर्वी सामान्य माणसाची शिल्लक म्हणजे बायकोच्या अंगावरचा दागिना, नाही तर चुलीमागे पुरलेले गाडगे. १ एप्रिल १८८२ पासून टपाल खात्याच्या बचत बँका देशभर सुरू झाल्या आणि थोडकी रक्कमही सुरक्षित ठेवून व्याज मिळवण्याची सोय लहान गावांपर्यंत पोहोचू लागली. नोकरदारांसाठी भविष्यनिर्वाह निधीचे कायदे १८९७ व १९२५ साली झाले. १९६८ साली तशीच सोय सर्वसाधारण जनतेसही खुली झाली. ज्याला शेत नाही आणि गावी भाऊबंदांचा आधार नाही, अशा बदलीच्या नोकराला पासबुक हेच त्याचे वतन वाटू लागले, यात आश्चर्य नाही.

१ जानेवारी २००४ नंतर सेवेत आलेल्या आमच्यासारख्यांस तर ही चिंता अधिकच. जुने हमीचे पेन्शन आमच्या वाट्यास आले नाही. १ एप्रिल २०२५ पासून निश्चित रकमेच्या नव्या योजनेचा पर्याय पुढे आला, तेव्हा कचेरीत दुपारचा डबा खाताना आकडेमोडीखेरीज दुसरा विषय नसे. भविष्याची भीती मोठी विलक्षण असते. ती प्रथम पैसा शिल्लक टाकावयास शिकवते आणि मग नकळत आयुष्यही शिल्लक टाकावयास लावते. पण पैसा खात्यात ठेवला तर वाढतो. वेळेला असे खातेच नाही.

या ठिकाणी आम्हांस रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे चरित्र उद्बोधक वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात १८६५ साली जन्मलेला हा पदवीधर १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत गेला. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि राजपुत्रांना शिकवणे ही कामे. नोकरी दरबारची, मर्जी सांभाळण्याची. महाराजांबरोबर दूरदूरचे प्रवासही करावे लागत. तथापि मुलांना इतिहास शिकवण्यासाठी जी टिपणे काढली, ती त्यांनी फेकून दिली नाहीत. त्यांतूनच १८९८ साली 'मुसलमानी रियासत' बाहेर पडली. त्या वेळी लेखकाचे वय ३३ होते. १९०२ साली 'मराठी रियासती'चा पहिला भाग आला. पुढचे भाग नोकरी सांभाळूनच लिहिले जाऊ लागले.

१९२५ साली ते सेवामुक्त झाले आणि कामशेतला इंद्रायणीकाठी राहावयास गेले. त्यानंतर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, आणि ऐंशी उलटल्यावर मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत लिहिला. १९५७ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. १९५९ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते वारले. निवृत्तीनंतरचे हे कार्य पाहून कोणी म्हणेल, 'पाहा, निवृत्त झाल्यावरच खरे काम झाले!' आम्हांस याच्या उलट दिसते. साठीनंतर पेशवे दप्तराचे रुमाल उलगडण्याची शक्ती आली, ती तेहतिसाव्या वर्षापासून रोज थोडी थोडी साठवलेली होती. ही आवर्ती ठेव होती, एकरकमी नव्हे.

सयाजीरावांसारखा ग्रंथप्रेमी धनी सर्वांना लाभत नाही, हे कबूल. पण मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांकडे पाहावे. शिक्षकाची नोकरी करीत असतानाच त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'च्या रूपाने प्रसिद्ध करावयास आरंभ केला. अर्थात अशा पुरुषांच्या फुरसतीमागे घरातील स्त्रियांचे अविश्रांत कष्ट असत, हेही विसरता येत नाही. लोखंड्यांचा रविवार आजही अनेक घरांच्या स्वयंपाकघरांत पोहोचलेला नाही; आमचे घरही त्यांतलेच होते, हे लिहिताना संकोच वाटतो.

आमच्या कचेरीतील एक वडीलधारे सहकारी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्याजवळ आजोबांच्या मोडी कागदांची एक पेटी होती. सहा शहरांतील बदल्यांत ती त्यांनी जिवापाड जपली. 'निवृत्त झालो, की मोडी शिकून वाचीन' असे म्हणत. ठेवी चोख होत्या, कर्ज नव्हते. परंतु निवृत्तीच्या आसपास काचबिंदूने दृष्टी अधू केली. एके दिवशी त्यांनी आम्हांस बोलावले, पेटी पुढे सरकवली आणि एवढेच विचारले, "तुम्हांला वाचता येईल का हो?" आम्हांस मोडीचे एक अक्षरही येत नव्हते.

तेव्हापासून रविवारची सकाळ आम्ही मोडीसाठी ठेवली आहे, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक पाळीपाळीने करावयाचा असेही घरात ठरले आहे. दरमहाची बचत चालू आहे. ती थांबवावी असे आम्ही कोणास सांगणार नाही. प्रगती मंद आहे. पेटीतील पहिले पत्र लागावयास चार महिने लागले. निघाले काय, तर भाताच्या खंडीचा हिशेब आणि शेवटी, धाकट्यास ताप आहे, लवकर यावे, असा मजकूर. आम्ही तो वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो पुन्हा वाचावयास सांगितला. पेटीत अजून शंभराच्या वर कागद आहेत. पुढच्या रविवारी दुसरा घ्यावयाचा आहे.